एक ऊ राहू दे

माय, तू गेलीस त्या दुपारी तुझ्या डोक्यातल्या उवा कुठे गेल्या, याचं उत्तर मला येत नाही. पुस्तकातलं उत्तर येतं. अंग फार तापलं किंवा गार पडायला लागलं की उवा निघतात आणि जवळचं ऊबदार डोकं गाठतात. त्यांना उडता येत नाही, उडी मारता येत नाही, फक्त चालता येतं. हे मी तिसरीच्या पोरींना फळ्यावर ऊ काढून शिकवते, सहा पायांसकट. पण त्या दुपारी तुझ्या उशीवर तुझ्या केसांत तोंड खुपसून मी झोपले होते. उठले तेव्हा तू गार होतीस आणि माझं डोकं खाजत होतं. त्यातल्या तुझ्या कोणत्या आणि माझ्या कोणत्या, हे पुस्तक सांगत नाही.

मी आता मॅडम झाले आहे. नदीपलीकडच्या एका शाळेत अतिथी शिक्षक म्हणून शिकवते. बी.एस्सी. झाले. आपल्या घरात माझ्याआधी कॉलेजचं दार कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून बाबांनी माझी डिग्री प्लास्टिकमध्ये घालून देवाच्या फोटोमागे ठेवली आहे. उदबत्तीच्या धुराने तिची कड पिवळी पडली आहे. कॉलेजात असताना मला वाटायचं, शिकवायला लागले की पोरांना तारे दाखवीन, झाडं दाखवीन, गावातल्या सगळ्या खुळ्या समजुती पुसून टाकीन. शाळेत गेल्यावर पहिल्या आठवड्यात दिसलं की अर्धा वर्ग पाढे म्हणताना दोन्ही हातांनी डोकं खाजवतो. म्हणून मी उवांपासून सुरुवात केली. तुला हसू येईल. मोठ्या सरांना आलंच होतं. "मॅडमनी उवांमध्ये बी.एस्सी. केलंय," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि पोरं तर गेटमधून मला बघूनच ओरडायची, "जूंवाली मॅडम आली," म्हणजे उवांवाली.

खरं तर हे शिक्षण मला कॉलेजने दिलेलं नाही. दापोऱ्याची आपली खोली मला अजून दिसते. खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच केळी सुरू व्हायची आणि आत कितीही ऊन असलं तरी तिथे हिरवा अंधार असायचा. तू पहाटे घड तोडायला जायचीस आणि ऊन चढलं की परत यायचीस. मग जेवणं होतात, भांडी घासून होतात, आणि शेजारपाजारच्या बायका भिंतीच्या सावलीत एकीपुढे एक अशा ओळीने बसतात, प्रत्येकीच्या हातात पुढचीचं डोकं. सगळ्यात पुढे मी. माझ्यापुढे कोणी नाही, फक्त केळी. तुझ्या बोटांना चिकाचे काळे डाग होते, ते साबणाने जायचे नाहीत, आणि लाडूसारखं माझं डोकं हातात धरून तू बोटं मानेपासून वर न्यायचीस. आधी मानेवरचे बारीक केस, मग कानामागे, मग हळूहळू टाळूपर्यंत. नेहमी खालून वर. सापडली की नखावर ठेवून दुसऱ्या नखाने दाबायचीस. टच्. मला तो आवाज आवडायचा. आणि शेवटी, अजून उन्हं कलायची असताना, तू फणी झटकून बाजूला ठेवायचीस आणि म्हणायचीस, "बस. एक राहू दे."

"कशाला राहू द्यायची?" मी विचारायचे.

"डोकं ओसाड पडू नये म्हणून."

"ओसाड म्हणजे?"

"ज्या घरात ऊ पण राहायला तयार नाही, तिथं जीव कसा राहील?" तू म्हणायचीस, आणि मागची काकू तुझ्या डोक्यातून मान वर न काढता हुंकार भरायची. मला त्यात काही भीतीचं वाटलं नाही. आपण दिवा लावतो, उंबरठ्यावर पाणी शिंपडतो, तसंच एक ऊ ठेवतो.

मग तुला ताप आला. तो उतरत नव्हता. एका सकाळी काकू तुझ्या कपाळावरची पट्टी बदलत होती, तेव्हा तू डोळे मिटूनच म्हणालीस, "डोकं शांत झालं गं. काही चालत नाही." काकूचा हात तिथेच थांबला. पट्टीतून पाणी तुझ्या कानात ओघळत राहिलं आणि तिने ते पुसलं नाही. मला वाटलं, तुला बरं वाटतंय. म्हणून दुपारी मी तुझ्याजवळ येऊन झोपले.

त्यानंतर माझं डोकं कोणी बघितलं नाही. घरात माणसं येत-जात होती, मी कोपऱ्यात होते. दुपार झाली की सगळे पांगायचे, आणि मी तुझ्याच जागेवर आडवी व्हायचे. बाहेर केळीची पानं एकमेकांवर घासायची. मग ते सुरू व्हायचं. आधी मानेवरच्या बारीक केसांत, मग कानामागे, मग वर टाळूकडे. अगदी हळू. मी श्वास धरून पडून राहायचे. हललं की ते थांबायचं, म्हणून हलायचे नाही, आणि खाजलं तरी हात वर न्यायचे नाही. मी कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर तुला परत पाठवतील.

मग मावशी मला तिच्याकडे, कागद मिलच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेली. तिथे मोरीत फरशी होती आणि नळाला पाणी होतं. तिने औषध लावलं, डोकं फडक्यात बांधलं, आणि मग पांढऱ्या कापडावर एवढ्या वेळा फणी मारली की मान दुखली. शेवटी कापड मला दाखवून म्हणाली, "बघ, एक पण नाही राहिली. कशी गं राहिली होतीस इतके दिवस, माझी बाय." त्या दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि काहीच आलं नाही. मी रडायला लागले. मावशीला वाटलं औषध झोंबतंय. ती फुंकर घालत बसली.

हे सगळं माझ्यात इतकं खोल गेलं होतं की शाळेत शनिवारची फणी सुरू केली तेव्हा मला ते आठवलंही नाही. आठवलं असतं तर कदाचित आधी कळलं असतं. मी शनिवारी पोरींच्या आयांना बोलवायचे, पायरीवर बसवायचे, केसांना तेल चोपडून बारीक फणी कशी मुळापासून ओढायची ते दाखवायचे. घासलेट लावू नका, सीताफळाच्या बिया वाटून लावू नका, डोळे जातील, असं सांगायचे. फण्या उकळून ठेवायचे. बायका यायच्या, कारण शनिवारी दुपारी बसायला सावली आणि बोलायला माणसं मिळायची. गेटसमोर जिची टपरी आहे ती काकू सगळ्यात पुढे असायची. तिची पोर पाचवीत आहे.

"मॅडम, कॉलेजात हेच शिकवलं का इतकी वर्षं?" ती विचारायची.

"हेच तर नाही शिकवलं, काकू."

"मंग आमच्याकडून शिकून घ्या. आम्ही फीस नाही घेत."

शनिवारी डोकी लख्ख व्हायची. पुढच्या शनिवारपर्यंत पुन्हा तेच. मला समजत नव्हतं. मी पुस्तकं बघितली, नर्सबाईंना विचारलं, माझीच पद्धत चुकते असं समजून फणीचे दात मोजण्याइतकी वेडी झाले.

आणि तिसरीतली ती पोर कोणालाच हात लावू देत नव्हती. तिची आई आदल्या वर्षी गेली होती, आजीजवळ राहायची. दोन वेण्या, त्या कधी सुटलेल्या मी पाहिल्या नाहीत, वरून ओढणी घट्ट बांधलेली. तिच्या भांगात बघितलं तर भांग हलताना दिसायचा. कानामागे फोड आले होते, ते फुटून केस चिकटले होते, आणि मानेत सुपारीएवढी गाठ झाली होती. बाकीच्या पोरींनी आपली बसायची टाटपट्टी तिच्यापासून ओढून घेतली होती. आया तक्रार घेऊन आल्या तेव्हा मोठ्या सरांनी मला ऑफिसात बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मॅडम, साफ होईपर्यंत तिला घरीच राहू द्या. दोन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे." पण घरी म्हणजे काय ते मला माहीत होतं. घरी म्हणजे आजीबरोबर केळीत, मजुरीला. केळीत गेलेली पोर दोन-चार आठवड्यांनी दप्तर घेऊन परत आलेली मी अजून बघितलेली नाही.

मी तिच्या घरी गेले. आजी दारात ज्वारी निवडत होती. पोर मला बघून आत पळाली.

"मी काय करू, मॅडम," आजी म्हणाली. "झोपेत पण हात नाही लावू देत. म्हणते मायच्या आहेत."

"आजी, एक ऊ महिनाभर जगते. तिची आई जाऊन किती दिवस झाले?"

आजीने खडा उचलून बाजूला टाकला. "मंग त्यांच्या नाती-पणत्या असतील."

"पण आई होती तेव्हा तर काढत होता ना?"

"काढत होतो ना. तिची माय काढायची, एक ठेवून."

मी विचारलं, "एक ठेवून?"

"एखादी तं ठेवाच लागते, मॅडम. सगळ्याच ठेवतात." तिने सूप थांबवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्या मायनं नाही सांगितलं तुम्हाला?"

त्या क्षणी, माय, तुझी फणी झटकल्याचा आवाज मला माझ्या मागे ऐकू आला. मी वळून बघितलं. अंगणात कोंबडी होती. पण सगळे शनिवार माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले: माझी पाठ वळली की प्रत्येक आई फणी बाजूला ठेवते, आणि पोरीच्या डोक्यात, सांभाळून, एक राहू देते. दुसऱ्या दिवशी मी टपरीवाल्या काकूला सरळ विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिच्या पोरीचं वाईट चिंतलं. "मंग काय, सगळ्या काढायच्या? पोरीला मारायचं आहे का मला?"

आता मी तुला शाळेतल्या एका दुपारचं सांगते. पोरांची जेवणं झाली होती, ताटं घासून उन्हात पालथी घातली होती, आणि बाकी सगळी पोरं मैदानात होती. ती पोर शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून, अजिबात न हलता. मी जाऊन शेजारी बसले. "काय करतेस?"

"श्श," ती म्हणाली. "आली आहे."

"कोण?"

तिने डोळे न उघडता एक बोट वर केलं आणि डोक्याकडे दाखवलं. "हात फिरवते. दुपारीच येते फक्त. हललं का जाते."

भिंत तापलेली होती, तिला पाठ टेकूनही मला ऊब लागेना. मी तिला सांगितलं की माझ्या आईचा हातपण यायचा. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सांगत होते. कसा यायचा ते सांगितलं नाही, तेवढंच माझ्याजवळ ठेवलं.

"मंग?" तिने डोळे उघडले.

"मग मावशीने औषध लावलं."

"मंग?"

"मग नाही आला."

तिने दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरली. "मंग तुम्ही काढू कशाला दिल्या?"



तिला ताप भरला तेव्हा मात्र वेळ उरला नाही. नर्सबाई म्हणाल्या, जखमांना औषध लावायचं तर आधी डोकं साफ पाहिजे, नाहीतर हा पू कुठे जाईल सांगता येत नाही. आजीच्या अंगणात मी आणि आजी तिच्यापुढे हात जोडल्यासारख्या बसलो होतो. शेवटी ती म्हणाली, "काढा. पण एक ठेवायची."

"एक ठेवली तर सगळ्या ठेवल्यासारखंच आहे, बेटा."

"मंग ती तुम्ही ठेवा."

मी कोमट पाण्याने तिच्या वेण्या सोडवल्या. तेल लावून फणी ओढत राहिले. ती एकदाही ओरडली नाही, फक्त कापडावर काय पडतं ते बघत होती. खूप वेळानंतर फणीत एकच आली. तीळ भिजून फुगावा तशी, आतून काळपट, प्यायलेली. ती माझ्या नखावर चालायला लागली. पोर मान वळवून बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती वाट बघणं होतं. मी वेणी सैल केली, भांग पाडला, आणि तिच्यासमोर ती ऊ माझ्या डोक्यात सोडली. बी.एस्सी. झालेल्या माझ्या डोक्यात. आजीने हात आपल्या कपाळाला लावला.

संध्याकाळी काढून टाकीन असं ठरवून मी घरी आले. संध्याकाळी नाही काढली. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मी दुपारची वाट बघत होते.

बाबा बाहेर गेले होते. मी आडवी झाले, हात छातीवर ठेवले, डोळे मिटले. पंखा बंद केला. बऱ्याच वेळाने ते आलं. पण, माय, ते मानेपासून आलं नाही. कपाळावरून आलं, केसांच्या कडेपासून, आणि सावकाश मागे गेलं, वरून खाली. पुन्हा कपाळावर, पुन्हा मागे. एक ऊ इतकी रुंद चालत नाही. सबंध हात होता, आणि त्या हातात एक ओळ रिकामी होती, अंगठ्याच्या शेजारची. तिथे केस हलत नव्हते. मी पडल्या पडल्या विचार केला, इतक्या वर्षांत माय वाट विसरली असेल. मला तुझी दया आली. मी मनात म्हणाले, खालून वर ना गं, मानेपासून. पण हात आपला कपाळावरूनच येत राहिला.

तो रोज आला. शाळेत असले तर शाळेत, मधल्या सुट्टीत, खुर्चीवर. मी तोवर कधी नव्हे इतकी शांत होते. पोरीच्या जखमा सुकत होत्या, तिच्या केसांना वास यायचा थांबला होता, आणि ती वाचताना माझ्या खांद्यावर डोकं टेकवायची, हळूच, कान लावून ऐकल्यासारखं. मी टेकवू द्यायचे. एका ऊला सोबत लागत नाही. तिच्या पोटात अंडी असली की पुरे, हे मीच फळ्यावर शिकवलं होतं.

एका सकाळी गेटजवळ टपरीवाली काकू म्हणाली, "मॅडम, हलू नका." तिने माझ्या भांगातून चिमटीने काहीतरी उचललं, नखावर ठेवलं आणि दाबलं. मग मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "बघा गं. मॅडमनं पण ठेवलीय एक."

त्या हसल्या. त्यात टोमणा नव्हता. घरात नवीन आलेल्या सुनेने पहिल्यांदा भाकरी करपवली की जशा हसतात, तसं ते हसणं होतं. एकीने माझ्या पाठीवर थाप मारली. मलाही हसायचं होतं, कारण इतके महिने मी त्यांच्यातली नव्हते आणि त्या सकाळी झाले होते. पण त्यांच्या मागे ती पोर उभी होती, आणि कानामागे खाजवत होती. मी जाऊन तिची ओढणी सरकवली. मानेतली गाठ परत वर आली होती. मोठे सर व्हरांड्यातून बघत होते. आत गेल्यावर एवढंच म्हणाले, "मॅडम, या वेळी मी आयांना अडवू शकणार नाही. शनिवारपर्यंत बघा."

शनिवारी मी सगळ्यांसमोर पायरीवर बसले. वेणी सोडली आणि फणी त्या पोरीच्या हातात दिली.

"सगळ्या?" तिने विचारलं.

"सगळ्या."

"एक पण नाही?"

टपरीवाली काकू पुढे सरकली. "काही पण काय, मॅडम. लग्न व्हायचं आहे तुमचं. ए पोरी, एखादी ठेव गं तिच्या डोक्यात." तिचा आवाज खरंच घाबरलेला होता. मला तिचा राग आला नाही. मलाही आतून तीच भीती होती, की डोकं ओसाड पडलं तर.

मग मी जे बोलले ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "काकू, माझी माय गेली त्या दिवशी तिच्या सगळ्या उवा गेल्या होत्या. पण त्या गेल्या म्हणून ती नाही गेली. ती जात होती, म्हणून त्या गेल्या."

गेटवरून केळीची ट्रॉली गेली, तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत सगळ्या तशाच उभ्या होत्या. पोरीची आजी मागे कडुलिंबाखाली बसली होती, तिने पदर तोंडाशी धरला होता. पोरीने फणी लावली. लहान हात, पण ओढ पक्की. ती एक-एक काढत गेली आणि कापडावर ठेवत गेली, आणि बऱ्याच वेळाने माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ही शेवटची आहे. मारू?"

"मार."

टच्.

तो आवाज मी ओळखते. मग ती माझ्यापुढे बसली आणि मी तिचं डोकं घेतलं, तिने मान एकदम ताठ केली होती. टपरीवाली काकू आपल्या पोरीला ओढून पायरीवर बसवत म्हणाली, "बैस. बघू मॅडमला काय होतं ते आधी, पण तू बैस तर खरी." सगळ्यांनी सगळ्या काढल्या असं मी म्हणणार नाही. अजूनही काही जणी एक ठेवतात, मला कळतं. पण त्या पोरीचं डोकं साफ आहे, गाठ बसली आहे, आणि ती चौथीत बसते, सगळ्यांच्या टाटपट्टीवर.

त्या शनिवारी तिचं डोकं झाल्यावर मी तिला विचारलं होतं, "तुझी आई हात कसा फिरवायची?" मला भीती वाटत होती तिच्या पुढच्या दुपारची. तिने आपला तळवा माझ्या कपाळावर ठेवला आणि मागे नेला, वरून खाली. "अशी. पण हे बोट नव्हतं तिला," आणि अंगठ्याशेजारचं बोट मिटून दाखवलं. "घड तोडताना कोयत्यात गेलं."

मी हे कधी ऐकलं असेन, गावात बोलताना कानावर पडलं असेल आणि मी विसरले असेन. तसं असू शकतं, म्हणून लिहून ठेवते. पण इतके दिवस मी ज्याला तू समजून पडून राहत होते, तो हात तुझा नव्हता. ती बाई आपल्या पोरीला शोधत होती आणि मी मधे आडवी पडले होते.

मी माझं बोट मिटलं. पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि मागे नेला. तिचे खांदे खाली आले. "हां," ती म्हणाली. एवढंच. तेव्हापासून रोज, ताटं पालथी घातली की, आम्ही मागच्या भिंतीशी बसतो आणि मी तसा हात फिरवते. ती डोळे मिटते. माझ्या डोक्यात आता काही येत नाही. मावशीने परवा येऊन फणी मारली, काही निघालं नाही, ती खूश झाली. मी तुझा हात आठवायचा प्रयत्न करते तेव्हा मानेपासून वर असे शब्द आठवतात, पण हाताला येत नाही. हाताला आता फक्त त्या दुसऱ्या बाईचा हात येतो, एक बोट मिटलेला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण काल जे झालं ते वाचून तू उत्तर दिलंस तर, याची मला भीती वाटते.

काल मी तिचं डोकं करून हात मांडीवर ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "आता तुम्ही बसा, मॅडम." मी तिच्याकडे पाठ करून बसले. ऊन भिंतीवर होतं, पोरं लांब ओरडत होती. तिने माझी वेणी बाजूला केली, आणि तिची बोटं मानेवरच्या बारीक केसांत शिरली. मग कानामागे गेली. मग हळूहळू वर, टाळूपर्यंत. खालून वर. मी तिला तुझी वाट कधीच सांगितली नव्हती.

कोणी शिकवलं, हे विचारायला माझं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं. घंटा झाली तरी उठले नाही.